दातांनी कुलूप ऐकणारा

धोंडू मेस्त्री कुलपाचं म्हणणं ऐकायचा ते कानांनी नव्हे, दातांनी. थट्टा नाही करत. किल्ली हरवलेली ट्रंक समोर आली की हा साठीचा माणूस जमिनीवर पालथा पडायचा, लोंबतं कुलूप दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचा आणि एक हात मागे पसरून म्हणायचा, "आकडो." मग घरातल्या बाईनं अंबाड्यातला आकडा काढून त्याच्या तळहातावर ठेवायचा. आकडा कुलपात फिरू लागला की हा कुलपाशी बोलायचा, "बोल गो बाय, बोल." दात कुलपावर, त्यामुळे आपल्याला ते "मोल मो माय" असं ऐकू यायचं. दोन मिनिटांत बाय बोलायची आणि कुलूप उघडायचं.

आमच्या लालबागच्या चाळीत या गोष्टीचं भारी कौतुक. मला विचाराल तर त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. मेस्त्रीनं चाळीस वर्षं मिलच्या साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर काढली. त्या खडखडाटानं त्याचे कान गेले. कान गेले म्हणून दात वापरायचा, एवढंच. पण लोकांना असल्या गोष्टींचं अप्रूप असतं. तोंडावर मी त्याला मेस्त्रीकाका म्हणतो, अहोजाहो करतो. पण आत्ता तो समोर नाही, तेव्हा मनातलंच बोलतो.

त्याचे दोन नियम होते. पहिला : "आत काय असा ता आधी सांग." जो ट्रंकेतली वस्तू सांगू शकत नाही, त्याची ट्रंक नव्हेच, असं त्याचं म्हणणं. नियम चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण माणूस ठार बहिरा! त्याला सांगायचं म्हणजे ओरडायचं, आणि आमच्या चाळीत ओरडायचं म्हणजे चारी माळ्यांना सांगायचं.

दुसऱ्या माळ्यावरची सावंतीण एकदा अशीच अडकली. ती त्याच्या कानाशी कुजबुजली. मेस्त्री म्हणाला, "आं?" ती जरा मोठ्यानं बोलली. "आं? मोठ्यान बोल गो!" शेवटी वैतागून ती किंचाळली, "पुतळ्यांची माळ! सासूला ठाऊक नसलेली!" खाली नळावर सासू हंडा भरत होती. तिथूनच आवाज आला, "कसली माळ गो?" पुढे महिनाभर त्या घरात दोन चुली पेटत होत्या. तरीही लोक मेस्त्रीकडेच जात. उलट कुणाची ट्रंक उघडायची असली की चाळ गोळा व्हायची, कोण काय ओरडतंय ते ऐकायला.

दुसरा नियम : कुलूप उघडलं की मेस्त्री भिंतीकडे तोंड करून बसायचा. "कुलूप माझां, आतलां तुमचां." आत काय आहे ते त्यानं जन्मात कधी वळून पाहिलं नाही. भिंतीकडे बघत तो एक कप चहा प्यायचा आणि निघून जायचा. पैसे दिले तर रागवायचा.

आता खरं सांगतो. मी किल्ल्या जमवायला लागलो ते या माणसामुळे. भायखळ्याच्या पुढच्या जुन्या बाजारात जाऊन जाऊन मी त्रेसष्ट किल्ल्यांचा जुडगा केला होता. लांब, आखूड, पोकळ, भरीव, पितळी, लोखंडी. मी शिकलेला माणूस, मिलच्या ऑफिसात कारकून. कुलूप किल्लीनंच उघडावं, असं माझं सरळ मत. राण्यांच्या कपाटाची किल्ली हरवली तेव्हा मी जुडगा घेऊन पोचलो आणि दीड तास एकेक किल्ली लावून पाहिली. त्रेसष्टावी लागली नाही तेव्हा राणेवहिनी म्हणाल्या, "भावोजी, दमलात. चहा घ्या तुम्ही, मी मेस्त्रींना हाक मारते." मेस्त्री माझा चहा संपायच्या आत कपाट उघडून गेला.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, तर सुमन म्हणते, "खरंच हो, काय हात आहे त्यांचा!"

"हात कसला? दात!" मी म्हणालो.

"तुमचं आपलं काहीतरीच. एवढा राग का करता त्यांचा? बाबांचे दोस्त ना ते?"

हेच तर! इथेच माझी दुखरी नस होती आणि तिनं नेमका तिथेच पाय दिला.

माझे बाबा आणि मेस्त्री तीस वर्षं शेजारशेजारच्या साच्यांवर होते. साचाखात्यात आवाज इतका, की माणसं तोंडानं बोलतच नाहीत. नुसते ओठ हलवतात, बोटं हलवतात आणि समोरच्याला सगळं कळतं. बाबा घरी यायचे ते गप्प. जेवायचे गप्प. आई गेली तेव्हाही गप्प. मला म्हणाल तर दिवसाकाठी चार शब्द : "जेवलंस?", "इलंस?", "दिवो मालव." आणि हेच बाबा संध्याकाळी गॅलरीत मेस्त्रीसमोर बसले की दोघांचे ओठ आणि बोटं तासन्‌तास चालायची. आवाज म्हणून नाही! मध्येच दोघं मांडीवर थापा मारून हसायचे. मी दारात उभा राहिलो की थांबायचे. माझा बाप, आणि त्याचं सगळं बोलणं दुसऱ्याच्याच वाट्याला!

नोकरी लागली त्या दिवशी मी ठाकूरद्वारच्या शिंप्याकडून गुपचूप शिवून घेतलेला कोट घालून घरी आलो. वाटलं, आज तरी बाबा चार शब्द जास्त बोलतील. त्यांनी एकवार पाहिलं, "बरो दिसता" म्हणाले आणि गॅलरीत जाऊन मेस्त्रीसमोर अर्धा तास बोटं हलवत बसले. काय बोलले, देव जाणे.

संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे सुरू झाले तेव्हाही तेच. आमची चाळ एकूण एक मोर्च्याला. मेस्त्री पुढच्या माणसाचे ओठ वाचून घोषणा द्यायचा, म्हणून नेहमी एक पाऊल मागे. सगळ्यांचं "झालाच पाहिजे!" होऊन शांतता झाली की मागून एकट्याचा आवाज यायचा, "झालाच पाहिजे!" लोक हसायचे. मग बाबा त्याच्या शेजारून चालू लागले, हात त्याच्या पाठीवर. घोषणेची वेळ झाली की थाप द्यायचे. थाप पडली की मेस्त्री बरोब्बर ओरडायचा. मी त्यांच्या मागच्या रांगेत, नवा कोट घालून. तो हात बघत मी परळ नाक्यापासून थेट फाउंटनपर्यंत चालत गेलेलो आहे. आमच्या पाठीवर कधी पडला नाही तो.

फाउंटनच्या गोळीबाराच्या पुढच्या वर्षी बाबा गेले. सकाळी चहा प्यायले आणि आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला काही सुचेना. लोक आले, कुणी बांबू आणले, कुणी मडकं माझ्या हातात दिलं. गॅलरीत मेस्त्री आणि दोघातिघांनी मिळून बाबांना आंघोळ घातली. शिवडीच्या स्मशानात चिता धडधडून पेटली तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला : किल्ली!

बाबांच्या पलंगाखाली त्यांची हिरवी ट्रंक होती. दाबलं की बंद होणारं जाड कुलूप, आणि किल्ली आमच्याकडच्या सगळ्या पुरुषांसारखी कमरेच्या करदोट्याला बांधलेली. एका खोलीत पंधरा-वीस जण राहून दिवस काढलेले हे लोक, किल्ली कमरेला नाही ठेवणार तर कुठे? माणूस गेला की करदोटा तोडतात, ते बघायचं काम मुलाचं. मी मडकं धरून उभा! करदोटा कुणी तोडला की तसाच राहिला, मला पत्ता नाही.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करायला गेलो. लोक राखेत अस्थी शोधतात, मी किल्ली शोधत होतो. सांगायला लाज वाटते, पण कोपरापर्यंत हात घालून शोधत होतो. मेस्त्री समोर उकिडवा बसून माझ्याकडे बघत होता.

ट्रंकेत दागिने-बिगिने असतील असं मला वाटत नव्हतं. सुमनला थोडं वाटत होतं, तिचं मी सांगत नाही. मला एवढंच हवं होतं, की आत माझ्यासाठी काहीतरी असावं. चिठ्ठी असणं शक्य नव्हतं, बाबांना लिहिता येत नव्हतं. पण काहीतरी. तीस वर्षांत जे मेस्त्रीला मिळालं त्यातलं एखादं काहीतरी.

आणि ती ट्रंक मेस्त्रीच्या दातांनी उघडायची? मी जिवंत असेपर्यंत नाही!

"कडी तरी कापा," सुमन म्हणाली. गावाहून आत्यानं कळवलं होतं, वर्षश्राद्ध होईपर्यंत मेलेल्या माणसाचं कुलूप फोडायचं नाही. मला ते सोयीचंच पडलं. फोडलं असतं तर चाळ म्हणाली असती, जमलं नाही म्हणून फोडलं. मी त्रेसष्ट किल्ल्या लावल्या. मग जुन्या बाजारातून आणखी अकरा आणल्या. खोबरेल घातलं, रॉकेल घातलं. एका रविवारी तर दार लावून मी स्वतः पालथा पडलो आणि कुलूप दातात धरलं. गंजाची चव आली आणि पुढच्या दाताचा टवका उडाला. सुमनला मी चण्यातला खडा लागला म्हणून सांगितलं.

मेस्त्री आठ महिन्यांत एकदाही "उघडून देऊ काय?" म्हणाला नाही. रोज संध्याकाळी आमच्या गॅलरीत यायचा, बाबांच्या जागेसमोर बसायचा आणि दिवे लागले की जायचा. मोर्च्यात दिसला तेव्हा रांगेत एकटाच चालत होता. तोंड मिटलेलं. लोक घोषणा देत होते, याचे ओठ हलत नव्हते. मला क्षणभर वाईट वाटलं. पण लगेच मनात आलं, बरी खोड मोडली.

वर्षश्राद्धाला तीन महिने उरले असताना माझा धीर सुटला. एका किल्लीवर कानशीनं काम करून मी ती घातली आणि जोर लावला. कट! निम्मी किल्ली माझ्या हातात, निम्मी कुलपात. सुमननं ते पाहिलं आणि मला काही न विचारता गॅलरीत जाऊन हाक मारली. हाक कसली, मेस्त्रीला बोलवायचं म्हणजे दवंडीच ती. पाच मिनिटांत आमच्या दारात तीस माणसं. सावंतीण सर्वांत पुढे.

मेस्त्री आला. ट्रंकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आकडो." सुमननं पटकन आकडा काढून दिला. लग्नात मी घेतलेला, चांदीचा! कुलूप दाढेत धरून त्यानं तुकडा टोकरून बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यां तुझां." लोक हसले. मी मेल्याहून मेलो.

मग त्यानं मान वर करून विचारलं, "आत काय असा?"

माझ्या बापाच्या ट्रंकेत काय आहे, मला ठाऊक नव्हतं. बत्तीस वर्षं एका खोलीत काढली आणि ठाऊक नव्हतं.

"आं? मोठ्यान बोल."

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"आं?"

काय झालं मला कळलं नाही. ऑफिसात मी शुद्ध बोलतो, घरातही बोलतो. पण त्या वेळी मी गळा फाटेस्तोवर ओरडलो, "माका म्हायत नाय! माका कायच म्हायत नाय!" खाली नळावरच्या बायका थांबल्या. दारातलं हसणं बंद झालं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. नऊ महिन्यांचं होतं, आलं.

नियमाप्रमाणे मेस्त्रीनं उठून जायला हवं होतं. तो पुन्हा पालथा पडला. कुलूप दातांत धरलं, डोळे मिटले. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो, अगदी जवळ. म्हणून फक्त मला दिसलं. सुमनचा आकडा त्याच्या करंगळीत नुसता अडकवलेला होता. मुठीत काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी किल्ली होती. बाबांची.

कुलूप खटकन उघडलं. दारात लोक म्हणाले, "वा मेस्त्री!"

माझं डोकं सणकलं. चोर! मी राखेत हात घालत होतो तेव्हा हा समोर बसला होता, किल्ली कमरेला बांधून! पण तीस माणसांसमोर बोलणार काय? मी त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवले : तुमच्याकडे होती?

त्यानं मान हलवली. मग त्याचे ओठ हलले. हळूहळू, एकेक शब्द सुटा करून, लहान पोराला शिकवावं तसं. आवाज नाही. आणि मला कळलं! आयुष्यात पहिल्यांदा मला ती भाषा कळली.

"राखेत तू चावी सोधित होतंस, झिला. बापाशीक नाय. बापाशीक सोधतलंस तेव्हा देवया, म्हटलंय."

मी खाली पाहिलं. तो उठून भिंतीकडे तोंड करून बसला. मी झाकण उघडलं.

"वर धोतर असतला," मेस्त्री भिंतीला म्हणाला. वर धोतर होतं. "त्याच्याखाली आवशीचा लुगडा." आईचं लुगडं होतं. "तुझी पाटी." माझी पहिलीतली पाटी होती, एका कोपऱ्यात फुटलेली. माझ्या बाबांची ट्रंक, आणि हा माणूस पाठ करून मला ती वाचून दाखवत होता! अशा वेळीसुद्धा माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

"सगळ्यात खाली कापड," तो म्हणाला.

सगळ्यात खाली पांढऱ्या जाड ड्रीलचं कापड होतं, कोरं, घडी न मोडलेलं. घडीत एक सुतळी. सुतळीला गाठी मारलेल्या : छातीची, बाहीची, लांबीची. मी झोपेत असताना माझं माप घेतल्यासारखी. मेस्त्रीनं मग सांगितलं ते सगळं भिंतीकडे बघतच. मी मॅट्रिकला बसलो तेव्हाच बाबांनी ठरवलं होतं, झील कारकून होतलो, त्याका कोट होयो. त्यांच्याच साच्यावर विणलेलं कापड मिलच्या दुकानातून घेतलं. विणता विणता बाबांना ताप आला, म्हणून निम्मं मेस्त्रीनं विणलं. मला नोकरी लागली की पहिल्याच दिवशी ते शिंप्याकडे न्यायचं होतं. आणि त्या दिवशी मी ठाकूरद्वारचा कोट घालून आलो.

"गॅलरीत माका काय सांगल्यान म्हायती असा?" मेस्त्री म्हणाला. "सांगल्यान, झिलाचो कोट माझ्या कापडापेक्षा बरो असा. हसलो तो थोडो. मगे रडलो."

लोक एकेक करून निघून गेले. सावंतीणसुद्धा डोळ्यांना पदर लावून गेली. सुमननं चहा आणला, तो तिघांनीही घेतला नाही. मेस्त्री वळला आणि किल्ली द्यायला हात पुढे केला. हात पुढे आला, पण मूठ उघडेना. त्यानं दोनदा खाली पाहिलं, हसायला गेला, तरी उघडेना. तीस वर्षं त्याच्याशी बोलणाऱ्या माणसाचं त्याच्याजवळ तेवढंच होतं, आणि मी मागायला बसलो होतो.

मी कापड, पाटी, लुगडं, धोतर होतं त्या क्रमानं परत ठेवलं, झाकण लावलं आणि कुलूप दाबून बंद केलं. "ऱ्हवांदे तुमच्याकडे," मी नुसत्या ओठांनी म्हणालो. त्यानं पाठ फिरवून किल्ली कमरेला बांधली. त्याला बराच वेळ लागला.

मोठा पश्चात्ताप झालाय मला त्याचा! महाराष्ट्र झाला, मुंबई मिळाली, पण माझ्या पलंगाखालची ट्रंक अजून मेस्त्रीच्या ताब्यात आहे. सुमन म्हणते, कोट शिवून घ्या. आता माझं पोट सुतळीच्या गाठीत मावत नाही, हे तिला कोण सांगणार? संध्याकाळी गॅलरीत मी त्याच्यासमोर बसतो, ओठ हलवतो. माझं निम्मं त्याला कळत नाही, म्हणतो, "तुझ्या बापाशीचे ओठ साफ होते." सहन करतो.

आणि दर रविवारी दुपारी तो ट्रंकेला वारा द्यायला येतो. किल्ली कमरेला असताना पालथा पडतो, कुलूप दातात धरतो, सुमनकडे आकडा मागतो. चाळीला अजून वाटतं, सगळी करामत दातांची. दारात माणसं जमतात. मग मान वर करून तो विचारतो, "आत काय असा?"

"कोटाचं कापड!" मी ओरडतो.

"कोणाचां?"

"माझं!"

"आं?"

"माझां!" मी चारी माळ्यांना ऐकू जाईल असा ओरडतो. "माझ्या बापाशीन माका घेतलेलां!"

मग तो मान खाली घालून कुलूप उघडतो. मला आता पक्का संशय आहे, की त्याला पहिल्या वेळीच कळतं.